वेदाबाहेर पडलेल्यांची पोथी

पारोळा हे गाव खानदेशाच्या मानाने अलीकडचे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी 1727 साली इथे भुईकोट किल्ला बांधला, भोवती खंदक काढला, आणि जेमतेम पन्नास घरांचे खेडे बघता बघता तटबंदीचे, पेठेचे गाव झाले. कापूस, लुगडी, धान्य यांचा व्यापार वाढला. पेशवाईचा तो भरभराटीचा काळ. धर्म म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हाच्या पारोळ्यात कुणाला पडण्याचे कारण नव्हते. वेदांना मान, पुराणांची श्रवणे, स्मृतींचा निवाडा, तिथीवार लावून दिलेली व्रते, दारी येणारा भटजी, आणि या सगळ्याच्या पाठीशी पुण्याचे सरकार. चौकट पक्की होती.

पण पारोळ्याच्या दक्षिणेला भडगाव तालुक्यात कनाशी नावाचे गाव आहे, आणि तिथले ओटे या किल्ल्यापेक्षा साडेचारशे वर्षांनी जुन्या आठवणी सांगतात. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी इथे आले, बसले, राहिले, अशी पंथाची श्रद्धा आहे. आजही महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला, म्हणजे ‘उपदेशी’, शेतकरी एकमेकांना भेटला की ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो आणि कनाशीच्या ओट्यापुढे डोके टेकतो. ज्या माणसाने खुद्द तीर्थांना आणि क्षेत्रदेवतांना मोक्षाच्या वाटेवर जागा दिली नाही, त्याच्या बसण्याच्या जागा तीर्थे झाल्या. हे कसे झाले, याचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. शास्त्र सोडून माणसे स्वतःचा धर्म उभा करतात तेव्हा पुढे काय काय घडते, ते महाराष्ट्रात इतक्या दीर्घकाळ आणि इतक्या तपशिलाने दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही.

तेराव्या शतकातला खानदेश आधी डोळ्यांपुढे आणला पाहिजे. देवगिरीला यादव राज्य करीत होते. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे मांडलिक निकुंभ घराणे होते. तिथल्या देवीच्या देवळात शके 1128 चा, म्हणजे इ.स. 1206-07 च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी. आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीचा अभ्यास चालावा म्हणून त्याने मठ काढला आणि निकुंभांनी त्याला दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. पण मठाला रोजचे काय मिळायचे हे सांगायची वेळ येते, तेव्हा लेख सरळ मराठीत उतरतो. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला द्यायचा, जेवढे घाणे चालतील तेवढ्यांनी घाण्यामागे पळीपळी तेल द्यायचे. विद्येचे गौरवगान संस्कृतात, आणि तेलाचा हिशेब मराठीत. पाटणच्या तेल्याला आपण कशासाठी पळीभर तेल देतो हे कळत होते. त्या तेलाच्या दिव्यावर काय वाचले जाते, हे त्याला कधी कळणार नव्हते. गिरणेकाठच्या बहाळलाही याच घराण्यातल्या अनंतदेवाचा शके 1144 चा लेख आहे. थोडक्यात, हा प्रदेश अडाणी नव्हता. इथे उच्च दर्जाची विद्या होती. मात्र ती ज्यांच्या जिवावर चाले त्यांच्या भाषेत बोलत नव्हती.

धर्माचेही तेच. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो, त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा अवाढव्य ग्रंथ सिद्ध केला. त्यातला व्रतखंड उघडावा आणि थक्क व्हावे. वर्षाला दिवस जितके, त्याहून व्रते अधिक. प्रत्येकाला विधी, दान, दक्षिणा, ब्राह्मणभोजन. हे सगळे हेमाद्रीने मनाने रचलेले नव्हते. पुराणे आणि स्मृती धुंडाळून, वचनाला वचन जोडून त्याने ते मांडले होते. त्याची बुद्धी आणि कष्ट दोन्ही अफाट होते, हे मान्य केलेच पाहिजे. शास्त्राला धरून राहायचे म्हणजे काय, याचे तेराव्या शतकातले सर्वांत भव्य उत्तर म्हणजे हा ग्रंथ.

याच काळात गोदावरीच्या खोऱ्यात एक गुजराती माणूस अनवाणी हिंडत होता. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव, असे पंथ सांगतो. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघालेला तो वऱ्हाडात रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी पोचला, त्यांच्याकडून शक्ती स्वीकारली आणि चक्रधर झाला. त्याने जे सांगितले ते ऐकायला साधे आणि परिणामाने भयंकर होते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि एकमेकांहून वेगळे. देवता अनेक आहेत, त्यांची फळेही आहेत, पण त्या मोक्ष देऊ शकत नाहीत. वेद ज्या फळांची वाट दाखवतात ती देवतांचीच फळे. मोक्ष फक्त परमेश्वराकडून. मग व्रतखंडातली व्रते कशाला? पुरोहित कशाला? गावचा देव कशाला? हेमाद्रीच्या भल्याथोरल्या इमारतीचा एकही चिरा चक्रधरांनी फोडला नाही. तिच्यात राहायची गरज नाही, एवढेच सांगितले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. महानुभावांनी सगळीच पोथी टाकली असे नाही. श्रीकृष्ण हा त्यांच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे पाच अवतारांपैकी एक, त्यामुळे गीता त्यांना मान्य होती आणि पुढे तिच्यावर त्यांनी टीकाही भरपूर लिहिल्या. पण प्रमाण कशाला मानायचे, हे त्यांनी बदलले. आधी वेद आणि मग वेदाला जुळते ते, असा क्रम होता. त्यांच्याकडे आधी स्वामींचे वचन आणि मग त्याला जुळते ते. विरोधकांनी त्यांना ‘वेदबाह्य’ म्हटले ते या अर्थाने चुकीचे नव्हते.

आचारात हे लगेच दिसू लागले. चारी वर्णांच्या घरी भिक्षा मागायची. बायकांना संन्यास द्यायचा, आणि तोही पुरुषांच्या बरोबरीने. महदाइसा, हिराइसा, आउसा, उमाइसा ही नावे लीळाचरित्रात पुरुष शिष्यांच्या इतकीच ठळक आहेत, किंबहुना प्रश्न विचारण्यात महदाइसा बहुतेक पुरुषांच्या पुढे. विटाळाच्या बाबतीत चक्रधरांनी शिष्येला दिलेले उत्तर तर आजही काही घरांत ऐकवता येणार नाही. शरीराच्या नऊ दारांतून नऊ प्रकारचे धातू बाहेर पडतात, नाकातून शेंबूड येतो तसाच हाही एक. त्यात शिवाशिव कसली, असा त्याचा आशय आहे. साडेसातशे वर्षांपूर्वी एका संन्याशाने बायकांसमोर हे स्वच्छ मराठीत सांगितले. मासिक पाळीत देवळात जावे की नाही यावर आपण अजून वाद घालतो.

पहिला परिणाम ठरलेला होता, राजकोपाचा. पैठणला सभा भरली, हेमाद्रीसह राज्यातले मातब्बर जमले आणि चक्रधरांना दंड झाला, असे पंथाचे ग्रंथ सांगतात. इ.स. 1274 च्या सुमारास ते ‘उत्तरापंथे’ निघून गेले. श्रद्धावंतांच्या लेखी ते आजही आहेत. शिष्यांच्या लेखी मात्र ते समोर नव्हते, आणि खरा पेच इथे सुरू झाला.

वेद मानणाऱ्याचा गुरू गेला तरी वेद उरतो. यांचा गुरू गेल्यावर काय उरले? आठवणी. स्वामी अमक्या गावी अमक्या झाडाखाली बसले, असे बोलले, असे हसले, तमक्याने दिलेली भाजी खाल्ली. नागदेवाचार्य, ज्यांना भटोबास म्हणत, यांच्यामागे सगळे रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी गेले. म्हाइंभट नावाचा एक शास्त्री होता. मूळचा वादविवादात मुरलेला, पुढे शिष्य झालेला. त्याने या आठवणी गोळा करायला घेतल्या. गावोगाव हिंडला, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना गाठले, ऐकलेले नागदेवाचार्यांपुढे ठेवून तपासून घेतले, आणि शके 1200 च्या, म्हणजे 1278 च्या आसपास लीळाचरित्र लिहून झाले. मराठीतला हा पहिला गद्यग्रंथ. ज्ञानेश्वरी याच्यानंतर बारा वर्षांनी आली.

बुद्धाच्या निर्वाणानंतर राजगृहाला भिक्खू जमले आणि आनंदाने आठवेल ते म्हणून दाखवले, तसेच हे. धर्म नवा असला की पहिल्या पिढीची स्मृती हेच त्याचे शास्त्र असते, आणि ती पिढी म्हातारी होऊ लागली की लिहिण्याची घाई होते. म्हाइंभटाच्या शोधाशोधीत मला ती घाई स्पष्ट दिसते.

त्या घाईतून मराठीला मात्र जे मिळाले त्याला तोड नाही. लीळाचरित्रातली माणसे बोलतात, भांडतात, रुसतात, भाकरी भाजतात. वाक्ये आखूड, क्रियापदे नेमकी, वर्णनाचा पसारा नाही. पुढे केशिराजबासांनी याच लीळांतून स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ केला आणि 114 दृष्टान्तांचा दृष्टान्तपाठ केला. हत्तीला हात लावून कुणी त्याला खांब म्हणणारा, कुणी सूप म्हणणारा, अशा आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. केशिराज संस्कृतातही लिहीत होते. पण पंथाचा उपदेश संस्कृतात नेऊ पाहणाऱ्यांना नागदेवाचार्यांनी अडवले, आणि त्यांचे कारण मराठीच्या इतिहासात कोरून ठेवण्यासारखे आहे: तसे केले तर माझ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील. पाटणच्या तेल्याला जे कधी मिळाले नाही, ते या म्हाताऱ्यांना मिळावे म्हणून एका आचार्याने विद्वत्तेचा मोह बाजूला सारला.

कवी नरेंद्राची गोष्टही याच काळातली. रुक्मिणीस्वयंवर ऐकून रामदेवराय यादवाने ते काव्य आपल्या नावावर मागितले, नरेंद्राने नकार दिला आणि तो पंथात आला, अशी परंपरा आहे. ज्या दरबाराने चक्रधरांना दंड केला, त्याच दरबारातला कवी महानुभाव झाला.

मग खलजींच्या स्वाऱ्या आल्या. 1296 ला देवगिरीला पहिला तडाखा बसला, 1307 ला मलिक काफूर आला, 1318 ला यादवांचे नावच पुसले गेले. या धामधुमीत महानुभाव जिवाच्या आकांताने पळाले आणि वाटेत लीळाचरित्राची मूळ प्रत लुटारूंच्या हाती गेली. ज्या एका पोथीवर पंथ उभा होता ती नाहीशी झाली. ज्यांना जेवढे पाठ होते त्यांनी तेवढे पुन्हा लिहून काढले. हिराइसेची स्मरणशक्ती अचाट म्हणून तिच्या आठवणीवरून आलेल्या पाठाला मोठा मान मिळाला. पण तिच्यासारखे इतरही होते, आणि प्रत्येकाचे आठवणे थोडे वेगळे होते. एकाच लीळेचे अनेक पाठ झाले. कुठे शब्द फिरला, कुठे प्रसंगाचे गाव फिरले, कुठे एखादी लीळाच कमीजास्त झाली.

शास्त्र सोडल्याचा माझ्या मते सर्वांत गंभीर परिणाम हा, राजकोप नव्हे. वेदांच्या बाबतीत पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ असल्या युक्त्यांनी एक अक्षर ढळू नये याची तजवीज शतकानुशतके झाली होती. या तरुण पंथाला तेवढा अवधी मिळालाच नाही. नागदेवाचार्य होते तोवर शंका आली की विचारायला माणूस होता. ते गेल्यावर, विशेषतः त्यांच्यानंतरच्या एकदोन पिढ्यांत, पाठभेद हे पंथभेद होऊ लागले. पुढे तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, झाले. त्यांतले उपाध्ये आणि कवीश्वर हे आम्नाय आजही नांदते आहेत. वेदाचा अर्थ कोणता, या वादातून जे बाहेर पडले, ते स्वामींचे मूळ वाक्य कोणते या वादात शिरले.

आणि पंथाने पोथी लपवली. चौदाव्या शतकात सकळ लिपी निघाली. तिचा कर्ता म्हणून सह्याद्रिवर्णनकार रवळोबासांचे नाव सांगतात. अक्षरे ओळखीची, पण एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरेच वाचायचे. किल्ली ठाऊक नसेल तर ओळीच्या ओळी म्हणजे निरर्थक ध्वनींचा ढीग. तिच्यामागून सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा अशा कितीतरी लिप्या आल्या. हे भीतीपोटी झाले, की पवित्र वचनाला परक्याचा स्पर्श नको म्हणून, की आम्नायांच्या चढाओढीतून, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मला वाटते तिन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली असावीत. काहीही असो, म्हाताऱ्यांना कळावे म्हणून जी भाषा निवडली तिच्यावर कुलूप पडले. पंथाने शास्त्र सोडले याची किंमत पंथाने मोजली, हे न्यायाचे म्हणता येईल. पोथी झाकली याची किंमत मात्र सगळ्या मराठीने मोजली. सहाशे वर्षे मराठी गद्य स्वतःच्या पहिल्या गद्याचे तोंड न पाहता वाढले. बखरकारांच्या हाती लीळाचरित्र असते तर बखरी कशा लिहिल्या गेल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही.

शेजारीच दुसरा रस्ता चालू होता, आणि तुलना टाळता येत नाही. ज्ञानेश्वर याच गोदाकाठचे, याच दशकांतले. त्यांच्या घराण्यालाही ब्रह्मवृंदाने कमी छळले नाही. त्यांनीही मराठीच निवडली. पण त्यांनी गीतेचा पदर धरला, वेदाला मान दिला आणि त्याच्या आडोशाने सगळे नवे सांगितले. वारकऱ्यांची दिंडी उघड रस्त्यावरून चालली. खानदेशात तापीकाठी मुक्ताबाईंचे स्थान झाले, पुढे अंमळनेरला सखाराम महाराजांची परंपरा रुजली, आणि कुणी त्यांना वेदबाह्य म्हटले नाही. चक्रधर शास्त्राला वळसा न घालता त्याच्याशी सरळ बोलले. जातीच्या आणि बायकांच्या प्रश्नावर ते त्यामुळे अधिक पुढे जाऊ शकले आणि समाजात मात्र मागे पडले. दोघांत कोण बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार मी घेत नाही. पण ज्ञानेश्वरांच्या वाटेवर गर्दी झाली म्हणून चक्रधरांची वाट चूक, असे म्हणणारा इतिहास मला मान्य नाही.

लिपीबंद झालेल्या पंथाबद्दल बाहेर काय काय बोलले जाऊ लागले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. जे दिसत नाही त्याविषयी माणसे वाटेल ते रचतात. काळी वस्त्रे घालून हिंडणारे, देवांना न मानणारे, गुप्त अक्षरे लिहिणारे हे लोक संशयाचे धनी झाले. शके 1704 ला, म्हणजे 1782 ला, हे सरकारी कागदावर आले. ब्राह्मण आणि मानभाव, म्हणजे महानुभाव, यांच्यात तंटा झाला आणि पेशव्यांकडून पैठणच्या ब्राह्मणांना पत्र गेले: मानभाव सर्वथा निंद्य, चार वर्णांशी त्यांचा संबंध नाही, सहा दर्शनांशी नाही, त्यांचा उपदेश कुणी ऐकू नये, ऐकेल तो जातीबाहेर. पत्र सवाई माधवरावांच्या नावचे. ते तेव्हा आठ वर्षांचे होते, म्हणजे निर्णय कारभाऱ्यांचा. हेमाद्रीच्या वेळी दंड एका माणसाला होता. पाचशे वर्षांनी तो ऐकणाऱ्या प्रत्येकाला झाला. पारोळ्याचा तट तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. त्या पत्राची खानदेशातल्या पेठांपर्यंत किती अंमलबजावणी झाली ते एकवेळ सोडून देऊ. पण ज्याला सोयरीक करायची आहे, गावच्या पंगतीत बसायचे आहे, अशा कुणब्याने महंताचा उपदेश घ्यावा की नाही, यावर आता सरकारचे उत्तर लेखी होते.

तरी पंथ टिकला, आणि टिकला तो ज्यांची उपजीविका पुरोहिताच्या मर्जीवर नव्हती अशांच्या बळावर. खानदेश-वऱ्हाडातला शेतकरी उपदेशी राहिला. मद्य नाही, मांस नाही, इतर देवतांना नवस नाही. घरात लग्नकार्य निघाले की भावकीचे रिवाज आणि पंथाचा नेम यांची ओढाताण व्हायची, ती पिढ्यान्‌पिढ्या या घरांनी सोसली. कुलदैवताला जायचे नाही हे खेड्यात सांगणे किती अवघड असते, ते खेड्यात राहिलेल्यालाच कळेल.

आता कनाशीच्या ओट्यांकडे येतो. मुनिव्यास कोठी यांच्या नावावर ‘स्थानपोथी’ म्हणून एक ग्रंथ आहे. स्वामी जिथे जिथे थांबले त्या गावांची, देवळांची, पटांगणांची ती नोंदवही. कोणते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दरवाजा कुठे, स्वामी कुठे बसले, कुठे जेवले, कुठे निजले. आजच्या भूगोलाच्या अभ्यासकाला ती पोथी म्हणजे खाण आहे. यादवकाळातली गावे तिच्यात जागच्या जागी सापडतात. त्या जागांवर पंथाने ओटे बांधले. मूर्ती नव्हे, ओटा. इथे बसले होते, एवढीच त्याची खूण. स्वामींनी वापरलेल्या, स्पर्शिलेल्या वस्तूही ‘प्रसाद’ म्हणून जपल्या गेल्या. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हा पंथाचा मुख्य नेम आहे, आणि स्मरणाला जागा लागते. मला यात विसंगती दिसते, पण तिच्याबद्दल दोष द्यावासा वाटत नाही. तत्त्व डोक्यात राहते. गेलेल्या माणसाची ओढ मात्र हाताला काहीतरी मागते. हेमाद्रीच्या व्रतखंडातून बाहेर पडलेल्या घरांनाही आपल्या वर्षाला तिथी लागल्या, जत्रा लागल्या, आणि कनाशीला यात्रा भरू लागली.

दूर उत्तरेत याहून नवल घडले. महानुभावांनी पंजाबात पंथ नेला. तिथे त्यांना ‘जयकृष्णी’ म्हणू लागले, आणि व्यापाऱ्यांबरोबर ते पेशावर-काबूलपर्यंत पोचले. पोथ्या मराठीच राहिल्या. दीक्षा घेणारा पंजाबी तरुण काशीला संस्कृत शिकायला जावे तसा मराठी शिकू लागला. स्वामींचे वचन ज्या भाषेत आहे ती पवित्र. तिचा तर्जुमा नको. संस्कृतापासून सुटका करणारी मराठी तिकडे स्वतःच संस्कृतासारखी झाली. पेशावरच्या म्हाताऱ्यांना ती कळत होती का, हा प्रश्न नागदेवाचार्यांनी नक्की विचारला असता. 1947 ला फाळणी झाली आणि या मंडळींनाही गाठोडी बांधून निघावे लागले. त्या गाठोड्यांत तेराव्या शतकातली मराठी होती.

कुलूप उघडले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या हाती सकळ लिपीतल्या पोथ्या आल्या आणि त्यांनी ती लिपी उलगडली. ज्या माणसाने ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढून दप्तरे उजेडात आणली, त्याला निरर्थक ओळींमागे जुनी मराठी आहे हे ओळखायला वेळ लागला नाही. राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यात होते. 31 डिसेंबर 1926 ला तिथेच वारले, आणि लगेच 1927 ला त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. पारोळ्याहून धुळे किती दूर? एका पॅसेंजर बसचा प्रवास. महानुभावांच्या सहाशे वर्षांच्या मौनाची किल्ली शोधणारा माणूस खानदेशात येऊन विसावला, ही गोष्ट खानदेशच्या शाळांतून मुलांना सांगितली पाहिजे.

याच सुमारास वि. ल. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त महानुभाव वाङ्मयाला मोठी जागा दिली. काही महंतांनी स्वतः पोथ्या पुढे केल्या, आणि हे धाडस विसरता कामा नये. पूर्वजांनी झाकलेले उघडायचे तर आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागतो. 1930 च्या दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापले. 1978 ला वि. भि. कोलते यांची साक्षेपी आवृत्ती साहित्य संस्कृती मंडळाने काढली. तिच्यातल्या काही लीळांवर पंथातूनच जोरदार आक्षेप आले. कोणता पाठ खरा, हिराइसेचा की दुसऱ्या कुणाचा, हा चौदाव्या शतकातला वाद छापील पानांवर पुन्हा उभा राहिला. अभ्यासकाला पाठभेद म्हणजे पुरावा, श्रद्धावंताला ती स्वामींच्या चरित्रावरची जखम. दोघांचे म्हणणे मला समजते. मात्र मूळ प्रत लुटारूंच्या हाती गेली त्या दिवसापासून या प्रश्नाचा शेवटचा निवाडा देणारा कागद जगात नाही, ही वस्तुस्थिती दोन्ही बाजूंना स्वीकारावी लागणार आहे.

2024 ला रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. जागा योग्य निवडली. पण खानदेशातल्या आश्रमांत आणि जुन्या उपदेशी घरांत लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या अजून आहेत. कुठे सकळ लिपीत, कुठे सुंदरीत, कुठे बाळबोधीत. काहींना वाळवी लागली आहे, काहींचे मालक आता शहरात आहेत आणि त्यांना ती अक्षरे वाचता येत नाहीत. या पोथ्यांची गावोगाव फिरून यादी झाली पाहिजे, महंतांच्या संमतीने छायाचित्रे निघाली पाहिजेत, आणि ती लिपी वाचणारी दहा-वीस तरुण मुले-मुली धुळे-जळगावच्या महाविद्यालयांतून तयार झाली पाहिजेत. म्हाइंभटाने हे काम एकट्याने, पायी आणि राजाच्या नाराजीत केले होते.